मागच्या सीटवरचे साहेब

मी शोफर व्हायचं ठरवलं आहे, असं घरात जाहीर केलं तेव्हा बायको चष्मा पुसत होती. तिने चष्मा लावला, माझ्याकडे नीट बघितलं, मग तो पुन्हा काढून पुसायला घेतला. काच स्वच्छ करूनही समोर तेच दिसलं असावं.

विमा कंपनीने मला वेळेआधी मानाने घरी पाठवलं होतं आणि घरी बसून मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची शास्त्रशुद्ध फेरमांडणी करायला लागलो होतो. हे थांबायला हवं याबद्दल आमचं दोघांचं एकमत होतं. शोफरची कल्पना मात्र एकट्या माझी. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आमच्या सोसायटीत ती शेवटपर्यंत कोणाच्या डोक्यात शिरली नाही. ड्रायव्हर गाडी चालवतो, शोफर माणसाला घेऊन जातो. ड्रायव्हरला रस्ता माहीत असावा लागतो, शोफरला अदब. अदब माझ्याकडे मुबलक होती, विमा कंपनीत ती कोणी वापरली नव्हती. गाडीसुद्धा साधारण येत होती.

‘साधारण’ या शब्दावर मेहुण्याचा आक्षेप आहे. सरावासाठी मी त्याची छोटी गाडी मागून घेतली होती, आणि सोसायटीतून ती मागे घेताना फाटकाचा एक दरवाजा बरोबर नेला होता. खरं तर त्यात माझी चूक कमी. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दुर्बीण मावशी मला दिशा सांगत होत्या. (त्या दिवसभर गॅलरीत असतात, म्हणून हे नाव. मावशी आम्ही मागाहून जोडलं, आदराने.) त्या म्हणत होत्या ‘डावीकडे घ्या’, आणि ती त्यांची डावी होती. खाली सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहून नेमकं उलट सांगत होते, कारण मावशी जे म्हणतील त्याच्या उलट बोलायचं हे त्यांचं धोरण आहे. दोन सल्ल्यांच्या मध्ये जो सापडतो त्याचं जे होतं ते फाटकाचं झालं. मेहुणा त्यानंतर आमच्याकडे पायी यायला लागला.

परवान्याच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारलं, मुलगा कुठे आहे. मी म्हटलं, परवाना मलाच हवाय, व्यवसायासाठी. त्याने लेखणी खाली ठेवली आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी आपुलकीने चौकशी केली. मग फोटो. पहिल्यात माझे डोळे मिटलेले होते, दुसऱ्यात तोंड उघडं. अखेर जो पसंत झाला त्यात मी कॅमेऱ्यामागे कोणीतरी उभं असल्यासारखा बघतोय. कॅमेऱ्यामागे भिंत होती.

गणवेश शिवणारा शिंपी हॉटेलच्या दारावरच्या माणसांचे कपडे शिवण्यात मुरलेला होता. मी साधा काळा कोट सांगितला, त्याने खांद्यांवर सोनेरी झालरी लावून दिल्या. वर म्हणाला, एवढं तर पाहिजेच. तो घालून मी बसच्या थांब्यावर उभा राहिलो की लोक येऊन माझ्यापाशी सामान ठेवायचे. एका आजीबाईंनी तर त्यांचा नातू दिला होता धरायला. झालरी बायकोने उसवल्या, तेव्हा कुठे मी शोफर दिसू लागलो. टोपी मात्र थोडी मोठीच राहिली.

नोकरी लागली ती अशी. गावाबाहेरच्या उताराच्या रस्त्यावर एक मोठं घर होतं, कायम खिडक्या लावलेलं. तिथल्या साहेबांना शोफर हवा होता. मुलाखत दिवाणजींनी घेतली. वाळलेले, ताठ गृहस्थ, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलं की ते मागे सरायचे. गाडी किती वर्षं चालवता, अपघात किती केले, फाटकं किती नेली, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एकच विचारलं.

“मागे वळून बघायची सवय आहे का?”

मी म्हटलं, नाही.

“मग उद्यापासून या.”

गाडी बघितली आणि माझा ऊर भरून आला. लांबच लांब, काळी, जुनी, पण चकाकी अशी की तिच्यात मी दोनदा मावत होतो. चालकाची जागा आणि मागची जागा यांच्यामध्ये काच होती आणि काचेला पलीकडून गडद पडदा. आतला आरसा काढून टाकलेला. दिवाणजींनी नियम सांगितले. रोज दुपारी गाडी पोर्चमध्ये लावायची, समोर बघत बसायचं. साहेबांचं दार ते स्वतः उघडणार आणि लावणार. साहेबांना त्यांच्या जुन्या कचेरीत नेऊन सोडायचं, तिथलं दार वॉचमन उघडेल. साहेब आत असेपर्यंत मी लांबच्या झाडाखाली थांबायचं आणि घंटा वाजली की यायचं. साहेब आजारातून उठले आहेत, त्यांना कोणी बघितलेलं आवडत नाही.

मला हे सगळं फार खानदानी वाटलं.

पहिल्या दिवशी मागचं दार उघडल्याचा आवाज झाला, गाडी किंचित दबली, दार लागलं. दिवाणजींनी टिचकी वाजवली आणि मी निघालो. दुपारची वेळ, उतारावर चिटपाखरू नाही. पहिल्याच वळणावर मी जरा जोरात घेतली आणि माझ्या मानेमागे, काचेवर, टक टक असा आवाज झाला. बोटाच्या पेराने करावा तसा. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुढचं वळण मी लोण्यातून सुरी फिरवावी तसं घेतलं. काही वाजलं नाही.

खरं सांगतो, सुरुवातीला मला भीती वाटली नाही, अपमान वाटला. विमा कंपनीत पंचवीस माणसांच्या देखत तिथले साहेब ओरडले तरी मी सहन करत आलो होतो, पण हे टकटक करणं म्हणजे काय? नीट सांगा की बाबा, वळण हळू घे. मी घरी आल्यावर बायकोला म्हटलं, माणूस खडूस आहे. ती म्हणाली, दिसतो कसा? मी म्हटलं, बघितला नाही. ती म्हणाली, आवाज कसा आहे? मी म्हटलं, ऐकला नाही. ती म्हणाली, तू डबे आवरत होतास तेच बरं होतं.

तशात आमचा रस्ता सोसायटीवरून जायचा. म्हणजे जायचा नव्हता, पण थोडासा वळवला तर जायचा. एवढी मोठी गाडी चालवतोय तर ती आपल्या माणसांना दिसू नये, असा संत मी नाही. टोपी नीट बसवून, मान ताठ ठेवून मी फाटकासमोरून संथ निघून जायचो. संध्याकाळी घरी आलो की जिन्यात कौतुक व्हायचं. आठवडाभर झालं. मग सेक्रेटरींनी मला थांबवलं आणि अगदी सहज विचारलं की मी रोज रिकामी गाडी कुठे नेतो.

मी म्हटलं, रिकामी नाही, आत साहेब असतात. ते म्हणाले की ते स्वतः फाटकाशी उभे होते, मागच्या काचेतून पलीकडचं झाड दिसत होतं. वरून, खिडकीआडून, दुर्बीण मावशींनी ऐकलं. त्या म्हणाल्या, सेक्रेटरींना मोतीबिंदू झालाय, आत चांगले उंच, बारीक गृहस्थ बसलेले असतात. खिडकीच्या कडेवर हात असतो. काल त्यांनी वर बघितलं.

“म्हणजे तुमच्याकडे?” मी विचारलं.

“तेच ना,” मावशी म्हणाल्या. “तेव्हापासून मी आतल्या खोलीतच बसते.”

मावशींनी गॅलरी सोडली हे आमच्या सोसायटीच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. लगेच दोन पक्ष पडले. सेक्रेटरींच्या पक्षाचं म्हणणं, गाडी रिकामी असते आणि मला वेड्यात काढलं जातंय. मावशींच्या पक्षाचं म्हणणं, गाडीत माणूस असतो, पण तो असायला नको. माझी अवस्था बघा. सेक्रेटरी खरे असतील तर मी, एवढा गणवेश वगैरे शिवून, रिकामी सीट फिरवणारा ठरत होतो. मावशी खऱ्या असतील तर निदान माझ्या गाडीत कोणीतरी होतं. मी मनातल्या मनात मावशींच्या बाजूला गेलो. माणूस इज्जतीसाठी काय काय मान्य करतो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पण एकदा मनात शंका शिरली की नाक-डोळेसुद्धा फितूर होतात. रस्त्यावर मला मागून दाढीच्या साबणाचा वास यायला लागला. बाहेर ऊन रणरणत असताना मधल्या काचेवर पलीकडून वाफ धरायची, तळहाताएवढी, विरायची, पुन्हा धरायची. कचेरीच्या आवारात वॉचमन मागचं दार उघडून कडक सलाम ठोकायचा आणि मान हळूहळू वळवत जायचा, पायऱ्यांपर्यंत, जणू कोणी सावकाश चढतंय. मी झाडाखालून बघायचो. पायऱ्यांवर वाळलेली पानं होती. ती हलत नव्हती. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, साहेब आज थकलेले दिसले, नाही?

टकटक मात्र वळणावर मी चुकलो तरच व्हायची. मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने मागची सीट सुटी केली, दारं उघडून बघितली, काच हलवून बघितली आणि म्हणाला, कुठे काही ढिलं नाही, उलट गाडी इतक्या हळुवार हाताने चालवलेली त्याने बघितली नाही. हे कौतुक मी कोणाच्या नावावर जमा करावं, मला कळेना.

सेक्रेटरींनी तोडगा काढला. सीटवर टाल्कम पावडर भुरभुरवायची. माणूस बसला तर ठसा उठेल, नाही बसला तर नाही. इतका सोपा उपाय ऐकून मला वाटलं, हा माणूस फुकट सोसायटीत सडतोय. दुसऱ्या दिवशी दिवाणजी बाहेर यायच्या आधी मी पोर्चमध्ये मागचं दार उघडलं आणि बायकोचा अख्खा डबा रिकामा केला. जरा जास्त झाली. काळी सीट पिठाच्या गिरणीसारखी दिसायला लागली. तेवढ्यात पावलं वाजली, मी दार लावलं आणि समोर बघत बसलो. दिवाणजींनी दार उघडलं. नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ गेला. गाडी दबली. दार लागलं. टिचकी.

जाताना काही वाजलं नाही. वासही आला नाही. अशी शांतता की मला वाटलं, मागे कोणीतरी विचार करतंय.

कचेरीतून परत आलो, साहेब उतरले म्हणजे जे काय झालं ते झालं, दिवाणजी आत गेले आणि मी धावत जाऊन मागचं दार उघडलं. सीट लख्ख होती. ठसा नाही, कण नाही, शिवणीतसुद्धा पांढरं नाही. दिवाणजींनी पुसली असेल असं म्हणावं तर त्यांच्या काळ्या कोटावर धूळ नव्हती, आणि एवढ्या वेळात ते शक्यही नव्हतं. मी घाम पुसायला टोपी काढली. टोपीच्या पुढच्या काळ्या कडेवर, मधोमध, पावडरीचं एक बोट उमटलेलं होतं. कोणीतरी माझी टोपी नीट सरळ केली असावी, तसं.

ते बोट माझंच असेल, मी स्वतःला म्हटलं. मग त्यावर माझं बोट ठेवून बघितलं. माझं जाड निघालं.

राजीनामा द्यायला मी दिवाणजींच्या खोलीत गेलो तेव्हा माझी बोबडी वळली होती. ते ऐकत राहिले. मग उठून दार लावलं आणि माझ्यासमोर बसले, पहिल्यांदाच मागे न सरता.

“साहेब गेले,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी, इस्पितळात.”

त्यांनी सगळं सांगितलं. त्या वेळी बाईसाहेब स्वतः अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. म्हणून दिवाणजींनी सांगितलं की साहेब बरे होऊन आलेत, जिना चढवत नाही, खालच्या खोलीत झोपतात, बोलायचा त्रास होतो. बाईसाहेब वरच्या खोलीत असतात, नजर अधू आहे, पण कान तिखट. रोज दुपारी त्या गाडीचा आवाज ऐकतात. गाडी निघाली की थोड्या वेळाने कचेरीत फोन करतात, आणि वॉचमन सांगतो की साहेब पोचले. रिकाम्या गाडीचा आवाज वेगळा येतो, म्हणून दिवाणजी मागे पायाशी वाळूचं पोतं ठेवतात आणि गाडी परतली की काढून नेतात.

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलो. पोतं. म्हणून गाडी दबते. मग मी टकटकीचं विचारलं.

“कसली टकटक?” दिवाणजी म्हणाले.

पावडरीचंही मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. सीटवर काही पांढरं त्यांना दिसलंच नव्हतं.

शहाण्या माणसाने त्याच दिवशी टोपी काढून ठेवली असती. पण दिवाणजी दारापर्यंत पोचवायला आले आणि खाली बघत म्हणाले की आधीचे चालक कोपऱ्यावर गाडी लावून झोपा काढायचे, तुम्ही मात्र साहेब आत असल्यासारखी गाडी चालवता. विमा कंपनीत मला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं. मी राहिलो. घरी बायकोला खरं ते सांगितलं. वाटलं, ती सोड म्हणेल. ती म्हणाली, त्या बाईंना कळलं तर? आणि त्या रात्री आमच्याकडे कोणी फारसं जेवलं नाही.

पुढे पावसाळी, ढगाळ दिवस लागले आणि दिवाणजी ओल्या पायरीवरून घसरले. पाय सुजून भोपळ्याएवढा. त्यांनी पडल्या पडल्या मला सांगितलं, आज दार तुम्हीच उघडा, पोतं तुम्हीच ठेवा, लावताना जरा जोरात लावा, वर ऐकू जायला हवं. मी पोर्चमध्ये गाडी लावली. पोतं उचललं. तेवढ्यात मागे काठीचा आवाज झाला.

बाईसाहेब खाली आल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. लहानखुऱ्या, पांढरी साडी नाही, चांगली जांभळी, केस नीट विंचरलेले. मी पोतं छातीशी धरून उभा होतो, एखादं मूल धरावं तसं.

“ते ठेवा खाली,” त्या म्हणाल्या. “आज वजनाची गरज नाही, मी येते आहे.”

मी काहीतरी पुटपुटलो, की साहेब आज, की साहेबांना जरा. त्यांनी हात वर केला.

“एवढी वर्षं जो माणूस शेजारी झोपला, तो या घरात नाही, हे मला कळणार नाही होय?”

मी पोतं खाली ठेवलं.

“मग इतके दिवस...” मी म्हटलं.

“दिवाणजी रोज दुपारी कोट घालून दार उघडायला यायचा,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय करायचं होतं मी? त्याच्या धन्याशिवाय त्याला दुसरं आहे काय? आणि फोनवर तो वॉचमन इतक्या आनंदाने सांगायचा, पोचले म्हणून.”

त्या गाडीत बसल्या. पण सीटच्या मध्ये नाही, अगदी एका कडेला, दाराला चिकटून. त्यांनी मधला पडदा बाजूला सारला आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या जागेवरून मागची जागा बघितली. एका बाजूला बाईसाहेब, दुसऱ्या बाजूला काही नाही.

उतार लागला. वळण आलं आणि मी घाबरून ते थोडं जोरात घेतलं. टक टक.

मी समोर बघत राहिलो. बाईसाहेबांचे दोन्ही हात काठीवर होते, हे मला समोरच्या काचेतल्या प्रतिबिंबात दिसत होतं.

“वळण आवडत नसे त्याला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “लग्नानंतर पहिल्या प्रवासात मला वाटलं होतं, हा माणूस माझ्यावर रागावलाय. तो घाबरत होता. हळू घ्या म्हणजे झालं.”

मी विचारलं, कचेरीत न्यायचं ना?

“आयुष्यभर तिथेच गेला. तलावावर चला. नेतो नेतो म्हणाला आणि कधी नेलं नाही.”

फाट्याशी मी क्षणभर थांबलो. कोणाची परवानगी घ्यायची हे मला समजेना, शोफरला असले प्रश्न पडू नयेत. मागून काही वाजलं नाही. मी तलावाकडे वळवली, इतकी हळू की सायकलवाला पुढे गेला.

तलावावर माणूस नव्हतं. पाणी आभाळाच्या रंगाचं, काठ कुठे संपतो ते दिसत नव्हतं. मी बाईसाहेबांचं दार उघडलं, हात दिला, त्या उतरल्या. पण पुढे गेल्या नाहीत. काठीवर भार देऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूकडे बघत उभ्या राहिल्या, आपल्याबरोबरचं माणूस उतरायचं असलं की आपण थांबतो तशा.

मी टोपी सरळ केली. गाडीला वळसा घालून पलीकडे गेलो आणि तिकडचं दार उघडून धरलं. मान खाली आणि पाठ ताठ ठेवली. अशा वेळी दार किती वेळ धरून उभं राहायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वारा नव्हता. माझ्या बाहीला काहीतरी हलकंसं घासून गेलं, किंवा गेलं नाही.

“झालं,” बाईसाहेब पलीकडून म्हणाल्या. “लावा आता.”

मी दार लावलं. अगदी सावकाश, कोणाची बोटं सापडू नयेत म्हणून.